एआय एजंटकडून वर्ड-एक्सेलच्या फायली करून घेणं : मराठी कागदांचे अनुभव लिहा

अक्षरवेल

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमलं. मी डोंबिवलीत घरूनच हाउसिंग सोसायट्यांची कागदपत्रं करून देते. सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं, मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची पत्रं, जे नमुन्यातली सभासदांची यादी, असं सगळं. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे लगीनघाई, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिच्या आधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस जायला हवी. पाच सोसायट्या एकदम आल्या की रात्रीचे दोन वाजतात.

या वेळी भाच्याने एआय एजंट लावून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नुसत्या चॅटमधे आपण विचारतो आणि ते मजकूर लिहून देतं, मग तो आपण वर्डमधे चिकटवत बसतो. एजंट तसं करत नाही. तो स्वतःच छोटा प्रोग्राम लिहितो, चालवतो आणि सरळ तयार डॉक्स किंवा एक्सेलची फाईल हातात देतो. चूक दाखवली तर तीच फाईल पुन्हा उघडून दुरुस्त करतो. मी सेक्रेटरींच्या वहीतल्या हस्ताक्षराचे फोटो दिले, आधीच्या वर्षीचं इतिवृत्त दिलं, आणि अर्ध्या तासात ठरावांच्या क्रमांकासकट मसुदा समोर आला. सूचक-अनुमोदक सुद्धा बरोबर जागी. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं, कारण याच कामाला माझे दोन दिवस जायचे.

पण अडचणी आहेत आणि त्या नेमक्या मराठीच्या आहेत, म्हणून इथे विचारतेय.

एक म्हणजे फॉन्ट. मी सांगितलं मुक्ता फॉन्ट, १२ पॉइंट, मथळे ठळक. फाईल उघडली तर इंग्रजी आकडे आणि ए-विंग बी-विंग वगैरे मुक्तात, बरोबर मापात, आणि मराठी मजकूर भलत्याच फॉन्टात, लहान, आणि मथळे ठळक नाहीतच. एजंटला तीनदा सांगितलं, तीनदा म्हणाला दुरुस्त केलं, तीनदा तेच.

दुसरं म्हणजे शोधा-बदला. "कर्मचाऱ्यांचा" हा शब्द जुन्या फाईलमधे सात ठिकाणी होता, एजंट म्हणतो तीनच ठिकाणी सापडला.

तिसरं जरा गंभीर आहे, ते खाली प्रतिसादात लिहिते, आधी हे दोन सोडवा कुणीतरी.

---

पायथ्याचा_गडी

ताई, पहिला प्रश्न माझ्या रोजच्या दुखण्याचा आहे त्यामुळे सविस्तर लिहितो, पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो.

डॉक्स फाईल म्हणजे खरं तर झिप असते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या फाईलची कॉपी करा, नावापुढचं डॉक्स काढून झिप लिहा आणि उघडा, आत वर्ड नावाचं फोल्डर आणि त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल दिसेल. ऑफिस २००७ पासून हे असंच आहे, २००६ च्या डिसेंबरात एक्मा ३७६ म्हणून आणि २००८ मधे आयएसओ २९५०० म्हणून त्याचं प्रमाण ठरलं. फाईल आतून उघडी असते म्हणूनच एजंटला ती वर्ड न उघडता लिहिता येते.

आता गोम अशी की या एक्सएमएलमधे, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमधे, प्रत्येक मजकुराच्या तुकड्याला, त्याला रन म्हणतात, एक नाही तर वेगवेगळे फॉन्ट लावायची सोय आहे. इंग्रजीसाठी वेगळा, चिनी-जपानीसाठी वेगळा आणि ज्यांना वर्ड कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतो, म्हणजे देवनागरी, अरबी, हिब्रू वगैरे, त्यांच्यासाठी वेगळा. या तिसऱ्याचं नाव सीएस. मापही दोन, एसझेड आणि एसझेड-सीएस. ठळकपणाही दोन, बी आणि बी-सीएस. एजंट बहुतेक वेळा पायथॉन-डॉक्स नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, वापरतो, आणि तिच्यात फॉन्टचं नाव दिलं की ते फक्त इंग्रजीच्या खात्यात लिहिलं जातं, माप दिलं की फक्त एसझेड मधे. मराठीची खाती रिकामी राहतात. एजंट खोटं बोलत नव्हता हो, त्याने खरंच फॉन्ट लावला होता, फक्त तो तुमच्या मराठीला लागू होणाराच नव्हता.

उपाय: एजंटला या शब्दांत सांगा, "प्रत्येक स्टाइलमधे आरफॉन्ट्सला सीएस मधेही मुक्ता लिही, एसझेड बरोबर एसझेड-सीएस लिही, बी बरोबर बी-सीएस लिही, आणि भाषेच्या टॅगमधे बायडाय या खात्यात एमआर-आयएन टाक". आणि माप लिहिताना ते अर्ध्या पॉइंटात असतं, म्हणजे १२ पॉइंटला २४.

अजून एक, पायथॉन-डॉक्सचा कोरा कागद अमेरिकन लेटर मापाचा असतो. आपला ए४ आहे, २१० बाय २९७ मिलिमीटर. हे न सांगितल्यास प्रिंटरवर समास हलतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते.

---

अक्षरवेल

दादा, हात जोडते. सीएस लिहायला सांगितलं आणि पहिल्याच फटक्यात सगळं इतिवृत्त मुक्तात आलं, मथळे ठळक. तीन आठवडे मी मलाच चूक समजत होते. आणि समास का हलतात तेही कळलं, माझं सहीचं कोष्टक दर वेळी पान ४ वर जायचं.

---

अक्कलकोट_रोड

मी सोलापुरात तीस वर्षं डीटीपी करतोय, लग्नपत्रिकेपासून साखर कारखान्याच्या अहवालापर्यंत. शोधा-बदलाचं मी सांगतो.

ताई, "ऱ्य" दोन तऱ्हेनं टाईप होतो. एक, नुक्त्याचा ऱ, म्हणजे युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) ०९३१, त्याला हलंत आणि य. दोन, साधा र म्हणजे ०९३०, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर म्हणून एक अदृश्य अक्षर आणि मग य. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, बहुतेक फॉन्टांत फरक ओळखू येत नाही, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. तुमच्या जुन्या फाईलमधे चार ठिकाणी दुसऱ्या पद्धतीनं टाईप झालं असणार. एजंटला सांगा आधी सगळी फाईल एका पद्धतीत आणून मग शोध. आणि ते अदृश्य अक्षर सरसकट उडवून टाक असं मात्र सांगू नका, नाहीतर "कर्मचार्यांचा" असा रफार चढतो, वाचणाऱ्याच्या जिवाला लागतं ते.

दुसरा धोका जुन्या फॉन्टांचा. सोसायटीचे, पतसंस्थांचे वीस वर्षांपूर्वीचे कागद श्री-लिपी नाहीतर आयएसएम या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात असतात. स्क्रीनवर मराठी दिसतं पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. एजंटला तो चेहरा दिसत नाही, आतली अक्षरंच दिसतात. मग तो अंदाज करतो, आणि अंदाज इतका सुबक असतो की पटकन कळत नाही. माझ्याकडे एका संस्थेचे जुने उपविधी आले होते, एजंटनं "वाचून" जे दिलं त्यात वाक्यं अस्सल मराठी, पण दोन कलमांचा अर्थच बदललेला. मूळ कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावली तेव्हा सापडलं. तेव्हापासून माझा नियम, आधी युनिकोडमधे आणायचं, श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत त्याची सोय आहे, मग माणसानं वाचायचं, मग एजंट.

---

खडूफळा

वाचतेय. वाचनखूण साठवली. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, आमच्या हाताला रोज कागदच कागद. पोषण आहाराचा हिशोब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, मुलांचे प्रगतीपत्रक. माझा प्रश्न साधा आहे, पीडीएफ मधे अक्षरं का फुटतात? "विद्यार्थी" लिहिलं की वेलांटी व च्या मागून येते आणि द्य सुटा पडतो, पालकांना असा कागद द्यायला मला लाज वाटली.

---

पायथ्याचा_गडी

मॅडम, एजंटने सरळ पीडीएफ बनवणारी लायब्ररी वापरली असणार. त्यातल्या काही नेहमीच्या सेटिंगमधे अक्षरं एकापुढे एक नुसती मांडतात, जोडाक्षर जुळवायचं काम करतच नाहीत. ते काम करणारं वेगळं इंजिन असतं, हार्फबझ त्याचं नाव, आणि लिब्रेऑफिसमधे आणि क्रोममधे ते आधीपासून आहे. त्यामुळे एजंटला सांगा की पीडीएफ थेट करू नको, आधी डॉक्स कर आणि मग लिब्रेऑफिस हेडलेस चालवून त्याची पीडीएफ कर. हेडलेस म्हणजे खिडकी न उघडता मागच्या मागे. नाहीतर एचटीएमएल करून क्रोमकडून पीडीएफ छापून घे. वेलांटी जागेवर येईल.

यातच माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला येतो. पीडीएफ झाली की एजंटला तिची पानं चित्र म्हणून काढायला लावा आणि ती चित्रं त्याला स्वतःला बघायला लावा. प्रोग्राम चुकला नाही म्हणजे कागद चांगला झाला असं एजंट गृहीत धरतो. पान बघितल्यावर त्याला कळतं की कोष्टकाचा शेवटचा रकाना कागदाबाहेर गेलाय. फक्त एक ध्यानात ठेवा, एजंट जिथे चालतो त्या मशीनवर मुक्ता किंवा मंगल फॉन्ट नसेल तर तिथे दुसराच फॉन्ट येतो आणि त्याची पानं तुमच्या पानांशी जुळत नाहीत. फॉन्टची फाईल सोबत द्या.

---

जमाखर्च

मी सहकार खात्याच्या नामिकेवरचा लेखापरीक्षक म्हणून बरीच वर्षे काम केले, आता निवृत्त आहे. अक्षरवेल ताई, आपण तिसरी गोष्ट गंभीर आहे असे लिहिले होते, ती अजून सांगितली नाहीत. मला तीच ऐकायची आहे. फॉन्ट चुकला तर डोळ्यांना दिसतो, आकडा चुकला तर दिसत नाही.

---

अक्षरवेल

काका, सांगते.

एका सोसायटीत ११ फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, त्यांच्या बिलात बिनभोगवटा शुल्क लावायचं होतं. २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे सगळं बिल नव्हे, त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. एजंटला मी नुसतं म्हटलं "बिनभोगवटा शुल्क १० टक्के लाव". त्याने एक्सेल केलं, रंगीत मथळे, गोठवलेली पहिली ओळ, इतकं देखणं की मी समाधानाने बघत बसले. त्यात सेवा शुल्क १,८०० आणि एकूण बिल ३,४५०. हवे होते १८०, त्याने लावले ३४५. दर फ्लॅटमागे १६५ जास्त, ११ फ्लॅटचे महिन्याला १,८१५. दोन महिने बिलं तशीच गेली. एका सभासदाने हिशोब मांडून पत्र दिलं तेव्हा कळलं. पैसे पुढच्या बिलात वळते करून दिले, मी घरोघर जाऊन माफी मागितली. चूक माझीच, मी रकाना तपासला नाही. सूत्र उघडून बघितलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं.

आणि हेही, तीच फाईल अध्यक्षांना व्हॉट्सॅपवर पाठवली होती, त्यांच्या मोबाईलवर बेरजेचे रकाने रिकामे दिसले. माझ्या लॅपटॉपवर आकडे होते. ते का झालं मला अजून कळलं नाही.

---

जमाखर्च

ताई, आपण हे मोकळेपणी सांगितलेत याचे मला फार मोल वाटते. आमच्या वेळी हातवहीत अशी चूक व्हायची तेव्हा तिथे खाडाखोड दिसायची, शाई वेगळी दिसायची, लेखापरीक्षकाचे बोट आपोआप तिथे जायचे. आता चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा एकाच टापटिपीने छापलेले असतात. म्हणून माझे सांगणे, एजंटकडून एक्सेल घेताना तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, बेरीज-टक्केवारी आकडा म्हणून टाकायची नाही, सूत्र म्हणून टाकायची, म्हणजे माणसाला त्यावर क्लिक करून उगम पाहता येतो. दुसरी, दर आणि टक्के एका वेगळ्या पानावर, प्रत्येकाच्या शेजारी तो कशावर लावायचा हे मराठीत लिहिलेले. तिसरी, ताळा. सगळ्या फ्लॅटच्या बिलांची बेरीज आणि शीर्षकनिहाय बेरीज एकमेकींशी जुळली पाहिजे, फरकाचा रकाना शून्य दाखवला पाहिजे. आपल्या प्रकरणात ताळा जुळलाच असता हे मला ठाऊक आहे, कारण चूक बेरजेची नव्हती, समजुतीची होती. तिच्यासाठी दुसरी गोष्ट आहे.

---

पायथ्याचा_गडी

काकांना प्रचंड अनुमोदन. रिकाम्या रकान्यांचं सांगतो. एक्सेलच्या फाईलमधे प्रत्येक सूत्रासोबत त्याचं शेवटचं उत्तरही साठवलेलं असतं. एजंट ओपनपायएक्सेल नावाच्या लायब्ररीने फाईल लिहितो तेव्हा सूत्र लिहिलं जातं पण उत्तर नाही, कारण ती लायब्ररी गणित करतच नाही. तुमच्या लॅपटॉपवर एक्सेलने उघडताक्षणी गणित केलं, अध्यक्षांच्या मोबाईलवर फक्त प्रिव्ह्यू होता, तो साठवलेलं उत्तर शोधतो, सापडलं नाही. एजंटला सांगा की फाईल झाल्यावर ती लिब्रेऑफिसमधून एकदा गणित करून पुन्हा साठव. त्यातच चुकीची सूत्रं शोधायलाही सांगा, कुठे भागिले शून्य किंवा तुटलेला संदर्भ आहे का.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामाबद्दल पण लिहून ठेवतो, एजंट सवयीने १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ करतो. सेलच्या फॉरमॅटमधे कोटीच्या वरचं एक, लाखाच्या वरचं एक आणि उरलेल्याचं एक असे तीन भाग देऊन ते साधतं, पण उणे आकडे तिसऱ्या भागात जातात आणि तिथे पुन्हा इंग्रजी पद्धत येते. तूट दाखवायची असेल तर वेगळा रकाना करा.

आणि तारखा! ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिल की ४ मे, हे एजंटला सांगावं लागतं, आणि ती तारीख म्हणून लिहायला लावा, मजकूर म्हणून नको, नाहीतर क्रमवारी लागत नाही.

---

मसुदा_क्र_७

वकील आहे, छत्रपती संभाजीनगर. मला एकच गोष्ट विचारायची आहे. करारात एजंट परस्पर शब्द बदलतो, कुठे बदलला कळत नाही. यावर काही आहे का? भाडेकराराचा एक मसुदा केवळ शुद्धलेखनासाठी दिला होता, त्याने "किंवा" चं "आणि" केलं. एका शब्दापायी पूर्ण जबाबदारी बदलते.

---

पायथ्याचा_गडी

आहे. वर्डचं ट्रॅक चेंजेस. एक्सएमएलमधे घातलेल्या मजकुरासाठी इन्स आणि काढलेल्यासाठी डेल अशा खुणा असतात, सोबत कुणी केलं आणि कधी तेही. पायथॉन-डॉक्समधे त्याची तयार सोय नाही, त्यामुळे एजंट फाईल झिपसारखी उघडून आतल्या एक्सएमएलमधेच त्या खुणा लिहितो. क्लॉड हा एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरात स्किल्स म्हणून जे आणलं त्यात वर्डसाठीचं जे स्किल आहे, त्यात नेमकं हेच शिकवलेलं आहे. स्किल म्हणजे एक फोल्डर, त्यात साध्या भाषेत लिहिलेल्या सूचना आणि मदतीला प्रोग्राम, एजंट काम आलं की ते वाचतो. तुम्हालाही तुमचं स्किल लिहिता येतं, मराठीच्या सीएस वगैरेच्या सगळ्या सूचना मी एकाच फायलीत लिहून ठेवल्यात, आता पुन्हा पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

तर सांगायचं असं, "प्रत्येक बदल ट्रॅक चेंजेस मधे कर, बदललेल्या शब्दाइतकाच तुकडा बदल, पूर्ण परिच्छेद पुसून नवा लिहू नकोस". मग वर्डच्या रिव्ह्यूमधे एकेक बदल स्वीकारा किंवा नाकारा. आणि दोन फायलींची तुलना वर्डच्या कंपेअरने स्वतंत्रपणे करून बघाच, कारण खुण न करता केलेला बदल तिथेच पकडला जातो.

---

मसुदा_क्र_७

धन्यवाद. हे फार मोलाचं आहे. निवाड्यांच्या बाबतीत मात्र मी एजंटला हात लावू देत नाही. २०२३ मधे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. कागद कितीही व्यवस्थित असला तरी खाली सही माझी असते.

---

नेकार_काठ

मी स्टुटगार्टला असते, इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचं पत्रक आणि जमाखर्चाचं काम माझ्याकडे. मला एक मूलभूत शंका आहे, रागावू नका. सभासदांना पत्रं पाठवायला मेल मर्ज किती वर्षांपासून आहे, वर्डचा टेम्प्लेट आहे, मग एजंट कशाला हवा? माझं काम त्यावर छान चालतं आणि तिथे आकडा मनाने बदलत नाही.

---

अक्षरवेल

नेकार_काठ, रागावायचं काय त्यात, मी हाच प्रश्न भाच्याला विचारला होता. अनुभवावरून सांगते. ८४ फ्लॅटची थकबाकीची पत्रं मी आजही मेल मर्जनेच करते, तिथे एजंट नको. मजकूर ठरलेला, फक्त नाव आणि रक्कम बदलते. पण इतिवृत्त ठरलेलं नसतं. सेक्रेटरींनी वहीत लिहिलंय "पाण्याच्या टाकीबाबत चर्चा, कुलकर्णींच्या बाजूचा प्लंबर नको, तीन कोटेशन मागवणे", त्याचा ठराव करायचा, भाषा नेहमीची ठेवायची, मागच्या वर्षीच्या ठरावाशी जोडायचं, हे मेल मर्ज करत नाही. तिथे एजंट माझे दोन दिवस वाचवतो.

आता मी असं करते की सांगाडा माझा. वर्डमधे मीच बसून टेम्प्लेट केलाय, खऱ्या हेडिंगच्या स्टाइल लावून, नुसतं ठळक करून नाही. सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, सहीचं कोष्टक सगळं जागेवर. एजंटने फक्त रिकाम्या जागा भरायच्या आणि आकडे एक्सेलमधूनच घ्यायचे, स्वतः लिहायचे नाहीत.

---

पायथ्याचा_गडी

ताईंनी आमच्या ऑफिसात सहा महिन्यांनी कळलेली गोष्ट एका परिच्छेदात लिहिली. फक्त रिकाम्या जागांबद्दल एक सावधगिरी. महिरपी कंसात "सभेची तारीख" असं लिहून ठेवलं आणि मधे कधी तो शब्द दुरुस्त केला, तर वर्ड आतल्या आत त्याचे दोन-तीन रन करून ठेवतो. आपल्याला एक शब्द दिसतो, एजंटला तुकडे. मग तो म्हणतो जागा सापडली नाही, नाहीतर अर्धीच भरतो. त्यापेक्षा वर्डच्या डेव्हलपर टॅबमधले कंटेंट कंट्रोल वापरा, प्रत्येक जागेला नाव देता येतं. नाहीतर डॉक्स-टीपीएल नावाची लायब्ररी याच कामासाठी आहे.

जे नमुन्याची यादी लांबलचक असेल तर कोष्टकाची पहिली ओळ प्रत्येक पानावर यायला हवी हे पण सांगा, एजंट ते स्वतःहून क्वचितच करतो. आणि अनुक्रमणिका असेल तर फाईल उघडल्यावर अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबा, पानांचे आकडे तोवर भरलेले नसतात.

---

अक्कलकोट_रोड

एक काळजीचं बोलतो. ताई, सभासदांची नावं, मोबाईल, आधार हे सगळं एजंटला देता का?

---

अक्षरवेल

नाही दादा. सुरुवातीला दिलं होतं, मग एका सभासदाने विचारलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मधे आलाय, पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेले नंबर आहेत ते. आता एजंटला फक्त फ्लॅट नंबर जातात, ए-१०१, बी-३०४ असे, आणि नावं माझ्या लॅपटॉपवर मेल मर्जमधे जोडली जातात. नेकार_काठ, बघा, तुमचं मेल मर्ज इथे परत आलं.

---

नेकार_काठ

हे पटलं. इथे युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यामुळे आम्हालाही सभासदांच्या यादीबद्दल फार जपून राहावं लागतं. फ्लॅट नंबरसारखी युक्ती आमच्या सभासद क्रमांकांवर करून बघते.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ केली, "विद्यार्थी" नीट आला, "शुद्धलेखन" नीट आला, मुद्दाम "ज्ञानेश्वरी" आणि "कृष्णा" लिहून बघितलं, तेही नीट. चौथीच्या २३ मुलांची प्रगतीपत्रकं काढली. शेरे मात्र मी एजंटला लिहू दिले नाहीत, ते माझ्या वहीतून जसेच्या तसे घ्यायला सांगितले. एका मुलाबद्दल मी लिहिलंय "वर्गात बोलत नाही पण नदीवरच्या पक्ष्यांची नावं सगळ्यांना शिकवतो". एजंटने पहिल्या वेळी त्याचं "निरीक्षणशक्ती उत्तम" केलं होतं. मी परत माझं वाक्य घातलं. त्याच्या आईला ते वाक्य वाचायला मिळायला हवं.

---

जमाखर्च

खडूफळा बाई, उत्तम केलेत.

---

अक्षरवेल

धागा वर काढतेय, कारण पाचपैकी चार सोसायट्यांच्या नोटिसा आज गेल्या. काकांनी सांगितलेलं दरांचं पान केलंय, त्यात बिनभोगवटा शुल्काच्या शेजारी लिहिलंय "फक्त सेवा शुल्कावर, महापालिका कर वगळून", आणि प्रत्येक सोसायटीची तीन बिलं मी हाताने कॅल्क्युलेटरवर काढून पडताळली. जुळली.

पाचव्या सोसायटीत बरेच ज्येष्ठ सभासद आहेत, तिथल्या एका आजींनी मागच्या वर्षी सांगितलं होतं की नोटिशीची अक्षरं वाचता येत नाहीत, नातवाकडून वाचून घ्यावी लागते. त्यांच्यासाठी तीच नोटीस १६ पॉइंटात काढायची आहे. स्टाइलमधे फक्त माप बदललं तर पुरेल ना, की कोष्टकंही हलतील?

---

पायथ्याचा_गडी

एसझेड आणि एसझेड-सीएस दोन्ही ३२ करा. खऱ्या स्टाइल लावल्यात म्हणून एकाच जागी बदल पुरेल. कोष्टकाच्या रकान्यांची रुंदी ठरीव असेल तर विषयपत्रिकेच्या ओळी दुमडतील, त्याला हरकत नाही, फक्त ओळ पानाच्या शेवटी मधेच तुटू देऊ नको असं सांगा. आणि पानं बघून घ्या.

---

अक्षरवेल

केलं. दोनाची तीन पानं झाली, सहीचं कोष्टक एकत्र राहिलं. १९ प्रती प्रिंटला टाकल्यात, उद्या सकाळी स्वतः नेऊन देते.